ट्रायलवर आलेल्या सिस्टरसाठी : भेटीची तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वॉर्डात दहा-बारा वर्षं काढलेली, हात बसलेली सिस्टर क्लिनिकल ट्रायलवर आली की पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून ढळल्याच्या नोंदी, तिच्याच भेटींवर लागतात. नवख्या मुली विचारत विचारत करतात, म्हणून वाचतात. जुनी सिस्टर सवयीने करते. आठचा डोस आठ वाजून बारा मिनिटांनी दिला तरी चार्टवर आठच लिहायचं, बारा पेशंटचे बीपी घेऊन मग एकदम बसून उतरवायचे, पेशंटचा मुलगा समोर उभा आहे तर सही त्याचीच घ्यायची. वॉर्ड याच सवयींवर चालतो. ट्रायलमध्ये मात्र त्या बारा मिनिटांचाच हिशोब मागितला जातो.

सर्जिकल वॉर्डातून मी या कामात आले तेव्हा माझंही हेच झालं. त्यामुळे पुढचं सगळं वॉर्डातून येणाऱ्या सिस्टरला समोर ठेवून लिहिलं आहे. पेशंट ठरलेल्या तारखांना ओपीडीत येतो, गोळ्या घरी नेतो आणि काही भेटींना वेळ लावून रक्त द्यावं लागतं, अशी ट्रायल मी गृहीत धरली आहे. लसीच्या ट्रायलमध्ये तपशील बदलतील, क्रम फारसा बदलत नाही. कायद्याचा भाग आपल्याकडच्या 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' मधला आहे, आणि तोही नर्सच्या हाताशी येतो तेवढाच.

टप्पा १ : कशालाही हात लावण्याआधी

पहिला कागद डेलिगेशन लॉग. कोणतं काम कोणाकडे आणि कोणत्या तारखेपासून, हे पीआय म्हणजे मुख्य संशोधक डॉक्टर त्यात सहीनिशी लिहितात. तुमचं नाव, तुमच्यापुढे लिहिलेली कामं आणि सुरुवातीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. रक्त काढणं तुम्हाला झोपेतही जमत असेल, पण लॉगमध्ये तुमच्यापुढे फक्त 'व्हायटल्स' लिहिलेलं असेल तर त्या दिवशी सुई हातात घ्यायची नाही. ट्रेनिंगचं तसंच. जीसीपीचं (ट्रायल नीट चालवण्याच्या नियमांचं) प्रमाणपत्र, त्या प्रोटोकॉलचं (ट्रायलच्या लेखी आराखड्याचं) ट्रेनिंग आणि नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी या तिन्ही गोष्टी फाइलला लागल्यावरच लॉगवर नाव चढतं.

थांबा : नाव चढवायचं राहिलं होतं म्हणून कोणी मागची तारीख टाकून सही करायला सांगितलं तर करू नका. सांगणारा कितीही मोठा असो. राहिलं ते राहिलं, तसं लिहून ठेवता येतं. मागची तारीख टाकली की ती लबाडी होते.

मग प्रोटोकॉल. शंभर-सव्वाशे पानं एका बैठकीत वाचून काही डोक्यात राहत नाही. सुरुवात भेटींच्या तक्त्यापासून करा, म्हणजे कोणत्या भेटीला काय करायचं त्याचा जो मोठा चौकोनी तक्ता असतो तो. त्यातल्या फुल्या सगळे बघतात, तळटीपा कोणी वाचत नाही, आणि खरं काम तळटीपांतच लिहिलेलं असतं : 'ईसीजी रक्ताच्या आधी', 'डोस क्लिनिकमध्येच', 'उपाशीपोटी किमान ८ तास'. त्यानंतर वर्ज्य औषधांची यादी, त्रासाच्या नोंदीचं प्रकरण आणि लॅब मॅन्युअल. उरलेलं हळूहळू.

तारखांचं गणित इथेच करून टाका, कारण सगळ्यात जास्त घोळ त्यात होतो. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये पहिल्या डोसचा दिवस हा 'दिवस १' असतो. पहिला डोस ३ मार्चला झाला असेल तर 'दिवस २९' ३१ मार्चला येतो. अनेकजणी ३ मध्ये २९ मिळवून १ एप्रिल काढतात. भेटीला ±३ दिवसांची मुभा असेल तर पेशंट २८ मार्च ते ३ एप्रिल या काळात कधीही चालतो. मात्र काही प्रोटोकॉल पहिल्या डोसच्या दिवसाला 'दिवस ०' धरतात, मग सगळी गणितं एका दिवसाने सरकतात.

दुसरी चूक : मुभा कायम पहिल्या डोसपासून मोजायची, मागच्या भेटीपासून नाही. मागची भेट तीन दिवस उशिरा झाली म्हणून पुढची तीन दिवस पुढे ढकलली, त्यापुढची आणखी तीन, असं करत करत चौथ्या भेटीला पेशंट मुभेच्या पार बाहेर गेलेला असतो आणि कुठे चुकलं ते कोणाला सापडत नाही.

तपासा : पेशंट ट्रायलमध्ये दाखल झाला त्याच दिवशी त्याच्या सगळ्या भेटींच्या तारखा शेवटपर्यंत काढा आणि कॅलेंडर समोर ठेवून त्यातले रविवार, दिवाळी, गणपती आणि गावची जत्रा बघा. गौरी-गणपतीत चाकरमानी कोकणात असतो. फोन करून काही होत नाही.

टप्पा २ : संमती, आणि त्यातलं आपलं काम किती

ट्रायलची माहिती देणं, शंकांना उत्तरं देणं आणि संशोधक म्हणून सही करणं हे डॉक्टरांचं काम. आपण ते आपल्या अंगावर घ्यायचं नाही. 'डॉक्टर ओटीत आहेत, तुम्ही तेवढं समजावून सही घेऊन ठेवा' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. पण संमती नीट झाली की नाही हे सगळ्यात आधी कळतं ते सिस्टरला, कारण डॉक्टर उठून गेल्यावर पेशंट हळूच आपल्यालाच विचारतो, 'सिस्टर, घेऊ ना मी हे औषध?'

याचं उत्तर 'घ्या हो, चांगलं आहे' असं देऊ नका. चांगलं आहे की नाही हेच तर बघायचं चाललंय. 'तुम्हाला काय कळलं ते मला सांगा बरं' असं म्हणा. 'नवीन भारी औषध फुकट देणार आहेत' एवढंच उत्तर आलं तर डॉक्टरांना परत बोलवा. दोन गटांतल्या एकात बिनऔषधाची गोळी असू शकते, आपण कधीही सोडून जाऊ शकतो आणि सोडलं तरी आपला नेहमीचा उपचार बंद होत नाही, या तीन गोष्टी त्याच्या तोंडून त्याच्या शब्दांत आल्या पाहिजेत.

कागदांचा क्रम असा ठेवा.

१. फॉर्मची आवृत्ती आणि तारीख एथिक्स कमिटीने मंजूर केलेलीच आहे ना? जुन्या आवृत्तीच्या झेरॉक्स कपाटात पडून राहतात आणि घाईत त्याच हाताला लागतात. नवी आवृत्ती आली त्याच दिवशी जुने कोरे फॉर्म बाजूला काढा.

२. भाषा. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत काम करणारा माणूस तुमच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलतो म्हणून त्याला मराठी फॉर्म देऊ नका. वाचतो कोणती भाषा ते विचारा आणि त्या भाषेतला मंजूर फॉर्म आणा. तोंडी भाषांतर करून वेळ मारून नेता येत नाही.

३. वाचता न येणाऱ्या पेशंटसोबत निःपक्ष साक्षीदार पहिल्या शब्दापासून हजर हवा. शेवटी सहीपुरता बोलावलेला साक्षीदार चालत नाही. ट्रायलच्या टीममधल्या कोणालाही साक्षीदार होता येत नाही, म्हणजे तुम्हालाही नाही. सिस्टर साक्षीदार म्हणून सही करते ही चूक मी इतक्यांदा बघितली आहे की आता फॉर्म हातात आला की पहिली नजर त्या रकान्यावर जाते.

४. सही कोणाची? पेशंट शुद्धीत असेल, समजून घेऊ शकत असेल तर सही किंवा अंगठा त्याचाच. आईला नीट कळतंय, पण 'तिला काय विचारता, मी आहे ना' म्हणत मुलगा पेन घेतो. पेन आईच्या हातात द्या. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची संमती लागते आणि मुलाचीही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार नोंदवायचा, १२ ते १८ मध्ये तो लेखी घ्यायचा. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस दिली गेली तेव्हा खम्ममच्या वसतिगृहांत पालकांच्या जागी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. ते प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं.

५. पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव, पत्ता, नातं हे रकाने भरलेच पाहिजेत. पेशंटला ते चौकशीसारखे वाटतात, म्हणून अर्धे कोरे राहतात. ट्रायलमुळे काही बरंवाईट झालं तर भरपाई ठरवताना लागतात, असं सरळ सांगितलं की लोक भरतात.

६. तारीख ज्याची त्याने स्वतःच्या हाताने, आणि सोबत वेळही. माहितीपत्रक आणि भरलेला फॉर्म यांची प्रत पेशंटच्या पिशवीत गेली का ते बघा आणि 'प्रत दिली' असं फाइलला लिहा.

पूर्णपणे नव्या रेणूच्या औषधाची ट्रायल असेल आणि पेशंट असुरक्षित गटातला (ज्याचा होकार दबावाखाली येऊ शकतो असा) असेल तर संमतीचं चित्रीकरण लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या ट्रायलमध्ये फक्त आवाज रेकॉर्ड करायचा. चित्रीकरणाआधी एक मिनिटाची चाचणी घ्या. पंखा डोक्यावर असला की आवाज ऐकू येत नाही, आणि हे कळतं ते महिन्याने मॉनिटर, म्हणजे नोंदी तपासायला येणारा माणूस, रेकॉर्डिंग लावतो तेव्हा.

थांबा : संमतीच्या वेळेआधी ट्रायलसाठीची कोणतीही कृती नको. रक्त नाही, ईसीजी नाही, आणि 'तुमची नेहमीची गोळी चार दिवस बंद करून या' असं फोनवर सांगणंही नाही. गोळी बंद करायला सांगणं ही ट्रायलचीच कृती आहे.

टप्पा ३ : भेटीच्या आदल्या दिवशी

पेशंटला फोन करा आणि 'उपाशी या' एवढंच सांगून ठेवू नका. आपल्याकडे उपाशी आणि उपवास यांत लोक गल्लत करतात. मला एका चतुर्थीला आजी 'उपाशीच आहे हो' म्हणाल्या आणि रक्त काढून झाल्यावर कळलं, सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या होत्या. पुष्कळांच्या हिशोबी चहा म्हणजे खाणं नव्हे. तेव्हा असं सांगा : 'रात्री दहानंतर फक्त साधं पाणी. चहा नाही, दूध नाही, फराळ नाही, काढा नाही, पान-सुपारी नाही.' सकाळची ट्रायलची गोळी घरी घ्यायची की क्लिनिकमध्ये, तेही सांगा. बीपीच्या नेहमीच्या गोळीचं काय करायचं हे प्रोटोकॉल बघून, डॉक्टरांना विचारूनच सांगा. राहिलेल्या गोळ्या, रिकाम्या स्ट्रिप आणि डायरी घेऊन यायला सांगा. रिकाम्या स्ट्रिप लोक फेकून देतात, म्हणून पहिल्या भेटीलाच एक वेगळी पिशवी द्यावी.

इकडची तयारी : त्या भेटीचा किट काढून ट्यूबच्या एक्स्पायरी तारखा बघा. किट नवा असला तरी आतल्या ट्यूब जुन्या असू शकतात. सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त फिरवून वेगळं करायचं मशीन, चालू करून बघा. नमुने न्यायला कुरिअर येणार का आणि कोरडा बर्फ मिळणार का, याची खात्री दुपारच्या आत करा. कोरडा बर्फ हवाबंद डब्यात ठेवायचा नाही, वायू साठून डबा फुटतो.

आणि घड्याळ. खोलीतलं भिंतीवरचं, ईसीजी मशीनमधलं, तुमच्या मनगटावरचं आणि सेंट्रिफ्यूजजवळचं, या चारांत सहा मिनिटांचा फरक मी स्वतः पाहिला आहे. एक घड्याळ ठरवा, बाकीची त्याच्याशी जुळवा, आणि नोंद त्याच घड्याळाची.

टप्पा ४ : भेटीचा दिवस, खोलीतला क्रम

पेशंट आला की लगेच दंडाला पट्टा बांधायचा मोह होतो. बांधू नका. आधी बोला.

पहिलं बोलणं मागच्या भेटीपासून काय झालं याचं. 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारलं की 'बरं आहे' हेच उत्तर येणार, तो शिष्टाचार आहे. 'गेल्या महिन्यात एखादा दिवस तरी कामाला खाडा झाला का? डॉक्टरकडे गेलात का? मेडिकलमधून काही आणून घेतलं का? सुई घेतली का?' असं एकेक विचारा. गावाकडच्या डॉक्टरची सुई, अंगदुखीची गोळी, वैद्यांचं भस्म, आजीचा काढा ही सगळी पेशंटच्या हिशोबात औषधं नसतात. प्रोटोकॉलच्या हिशोबात असतात. तंबाखू विचारताना 'तंबाखू खाता का' एवढ्यावर थांबू नका. मिश्री लावणाऱ्या बाया 'नाही' म्हणतात आणि त्यांच्या मते ते खरं असतं. वर्ज्य यादीत ग्रेपफ्रूट असेल तर तिथे पोमेलो आहे का तेही बघा. पोमेलो म्हणजे आपलं पपनस, कोकणात परसात असतं.

तारीख आठवत नसेल तर सण धरून चालायचं. 'पोट कधी बिघडलं?' 'एकादशीच्या दुसऱ्या दिवशी.' भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि तारीख नक्की करा. पेशंटने काय सांगितलं आणि तारीख कशी काढली, दोन्ही लिहा.

पाळी, गर्भधारणा आणि साधनं यांबद्दलचे प्रश्न बाईला एकटीला विचारा. सासू खोलीत असताना मिळालेलं उत्तर आणि ती बाहेर गेल्यावरचं उत्तर वेगळं असू शकतं. प्रेग्नन्सी टेस्ट तक्त्यात असेल तर तिचा निकाल हातात आल्याशिवाय औषध द्यायचं नाही. 'नवरा बाहेरगावी असतो' हे टेस्ट न करण्याचं कारण होत नाही.

बोलणं झालं की मोजमापं. तक्त्यात वेगळं लिहिलं नसेल तर साधारण क्रम असा : आधी ईसीजी, मग बीपी-नाडी, मग रक्त, मग डोस. सुई टोचल्यावर नाडी वाढते, त्यामुळे रक्त आधी काढलं तर पुढचे दोन्ही आकडे फिरतात.

बीपीआधी पाच मिनिटं बसवायचं असतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, हात हृदयाच्या उंचीवर, कफ दंडाच्या मापाचा, आणि ती पाच मिनिटं पेशंटशी गप्पा नाहीत. आकडा आला तसा लिहा. १३४/८६ ला १३०/८० करणं ही वॉर्डातली जुनी खोड आहे. महिन्याभराच्या सगळ्या नोंदी शून्यावर संपत असतील तर मॉनिटरला ते पहिल्या पानावरच दिसतं.

तपासा : औषध देण्याआधी पात्रतेच्या सगळ्या अटींवर डॉक्टरांची तारखेसह सही आहे का? लॅबचा रिपोर्ट नुसता फाइलला लावलेला पुरत नाही, डॉक्टरांनी बघून सही केलेला हवा. 'बघितलाय त्यांनी, सही नंतर करतील' म्हणून डोस दिला आणि क्रिएटिनिन मर्यादेबाहेर निघालं, तर ती गोळी परत घेता येत नाही.

टप्पा ५ : वेळ लावून रक्त

ज्या नमुन्यांतून औषधाची रक्तातली पातळी मोजतात, त्यांत सगळ्यात महाग चुका होतात, कारण नमुना वरून अगदी छान दिसतो आणि आत निरुपयोगी असतो.

वेळ प्रत्यक्ष डोसपासून मोजा. आठला ठरलेला डोस ८.४० ला दिला गेला तर दोन तासांचा नमुना १०.४० चा. आधीच छापून ठेवलेल्या शीटवर १०.०० आहे म्हणून दहाला काढू नका. शिरेतून चालणारं औषध असेल तर वेळ सुरुवातीपासून धरायची की संपल्यापासून, ते प्रोटोकॉलमध्ये दिलेलं असतं. ज्या हातात औषध चालू आहे त्या हातातून नमुना कधीही घेऊ नका. कॅन्युलातून घेत असाल तर आतलं सलाइन मिसळलेलं पहिलं रक्त टाकून द्या, किती टाकायचं ते लॅब मॅन्युअल सांगतं.

दहा मिनिटांच्या अंतराने दोन पेशंट असतील तर एकटीने करू नका. दुसरी सिस्टर उभी करा. दोघींची नावं लॉगवर असली पाहिजेत, हे आलंच.

ट्यूबचा नेहमीचा क्रम असा : निळं झाकण, मग सीरमची लाल किंवा पिवळी, मग हिरवं, मग जांभळं, शेवटी करडं. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए पुढच्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी दिसतं. ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करायची, निळी तीन-चार वेळाच. हलवायची नाही. सीरमची ट्यूब गोठायला साधारण अर्धा तास उभी ठेवावी लागते.

मग सेंट्रिफ्यूज. मॅन्युअलमध्ये '१५०० जी' लिहिलेलं असतं आणि मशीनवर आकडा असतो आरपीएमचा. कोणीतरी सरळ १५०० लावतं. ही दोन वेगळी मापं आहेत, जी म्हणजे नमुन्यावर पडणारा जोर आणि आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे, आणि रोटरच्या त्रिज्येप्रमाणे हिशोब बदलतो. रोटरची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर १५०० जीसाठी साधारण ३००० आरपीएम लागतात. १५०० आरपीएम लावले तर मिळतात जेमतेम ३७७ जी, म्हणजे पाव. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३६६० च्या आसपास जावं लागतं. मशीनचं पुस्तक काढून एकदा हिशोब करा आणि आकडा झाकणावर चिकटवून टाका.

थांबा : लेबल नमुना घेतल्यावर, पेशंटसमोरच लावा. त्यावर पेशंटचा ट्रायल क्रमांक असतो, नाव लिहायचं नाही. सवयीने नाव लिहिलं की तो नमुना बाहेरच्या लॅबला तसाच जातो आणि गोपनीयता तिथेच संपते.

टप्पा ६ : औषधाचा हिशोब

किती दिल्या, किती परत आल्या, किती घेतल्या असायला हव्या होत्या. दिवसाला दोन गोळ्या, २८ दिवस, म्हणजे ५६. दिल्या ६०, परत आल्या ८, म्हणजे घेतल्या ५२. ५२ भागिले ५६, साधारण ९३ टक्के. इथे दोन चुका होतात. पहिली, भागाकार ६० ने करणं. दुसरी, परत आल्या नाहीत त्या सगळ्या पोटात गेल्या असं धरणं. चार हरवल्या असतील तर त्या वेगळ्या लिहा आणि घेतलेल्यांतून वजा करा. आकडा तंतोतंत शंभर टक्के आला तर खूश होऊ नका, डायरीशी ताडून बघा. भेटीच्या सकाळी उरलेल्या गोळ्या नालीत टाकून येणारे पेशंटही भेटतात. सिस्टर रागावतील म्हणून.

त्यामुळे डोस चुकला म्हणून पेशंटला रागावू नका. का चुकला ते विचारा.

फ्रीज : २ ते ८ अंशांचं औषध असेल तर किमान-कमाल दाखवणारं थर्मामीटर रोज बघायचं, रविवारी आणि सुट्टीलाही. मागच्या पत्र्याला औषध टेकवायचं नाही, तिथे गोठतं. डबा, ताक, दुसऱ्या वॉर्डाचं इन्सुलिन यांतलं काही त्यात नको. रात्री लाइट गेली आणि पारा ११ वर गेला, तर औषध फेकू नका आणि वापरूही नका. 'वापरू नये' असं लेबल लावून योग्य तापमानात वेगळं ठेवा, किती वेळ किती अंश होतं ते लिहा आणि कळवा. निर्णय स्पॉन्सरचा, म्हणजे ट्रायल करवणाऱ्या कंपनीचा.

ब्लाइंड ट्रायलमध्ये, म्हणजे कोणाला कोणतं औषध मिळतंय हे पेशंटला आणि त्याला बघणाऱ्यांना ठाऊक नसतं तिथे, औषध तयार करणारी सिस्टर वेगळी आणि पेशंट बघणारी वेगळी. दोघी एकाच टेबलावर जेवतात, हे मलाही ठाऊक आहे. 'आज फेस आला हो बाटलीत' एवढ्या एका वाक्यानेही गुपित फुटतं. जेवताना ट्रायल नको.

टप्पा ७ : नोंद

काम झालं त्या मिनिटाला, मूळ कागदावर, स्वतःच्या सहीने. हातमोज्याच्या पाकिटावर बीपी लिहून मग उतरवला, तर कायद्याने मूळ नोंद ते पाकीट ठरतं. ते फाइलला लावणार आहात का? चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला नवा आकडा, आद्याक्षरं, आजची तारीख आणि गरज असेल तर कारण. व्हाइटनर खोलीत ठेवूच नका. राहिलेली नोंद दुसऱ्या दिवशी करायची वेळ आली तर 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून आजची तारीख टाका.

मराठी डायऱ्यांत एक खास सापळा असतो. पेशंटने लिहिलेला देवनागरी १ इंग्रजीत डेटा भरणाऱ्याला नऊ वाटतो आणि ४ आठ वाटतो. '१ गोळी'च्या नऊ गोळ्या होतात आणि ओव्हरडोसची क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारी विचारणा, येते. डायरी परत घेताना पेशंटसमोरच वाचून काढा, शंकास्पद आकड्याशेजारी त्याच्याच हाताने अक्षरी लिहून घ्या.

टप्पा ८ : त्रास झाला तर

पेशंटला ट्रायलचं कार्ड दिलेलं असतं, त्यावर चोवीस तास चालू असलेला नंबर. ते पाकिटात ठेवतात आणि विसरतात. घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो नंबर फोनमध्ये घालून द्या, कारण पेशंट आजारी पडतो तेव्हा दवाखान्यात नेणारा दुसराच असतो.

'सिव्हियर' आणि 'सीरियस' हे एक नव्हे. डोकं फुटेल असं दुखलं आणि घरीच गोळीने थांबलं, तर ते तीव्र आहे, पण नियमाच्या भाषेत सीरियस नाही. साधा ताप, पण त्यासाठी भरती केलं, तर सीरियस. मृत्यू, जिवाला धोका, भरती किंवा भरतीचा काळ वाढणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात व्यंग यांतलं काहीही घडलं तर ती सीरियस घटना, मग तिचा औषधाशी संबंध दिसो वा न दिसो. पेशंट स्कूटरवरून पडला आणि पाय मोडून भरती झाला, तरीही. 'याचा आपल्या औषधाशी काय संबंध' हा विचार सिस्टरने करायचाच नाही. संबंध डॉक्टर ठरवतात.

अशा घटनेचा अहवाल संशोधकाला २४ तासांत तीन ठिकाणी द्यावा लागतो : केंद्रीय औषध नियंत्रक, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. सविस्तर विश्लेषणाचा अहवाल १४ दिवसांत. हे २४ तास घड्याळाचे आहेत, कामाचे नाहीत. शनिवारी संध्याकाळी कळलं आणि सोमवारी सांगितलं, तर मुदत केव्हाच गेलेली असते.

फोन आला की क्रम असा ठेवा :

१. पेशंट आत्ता कुठे आहे आणि सुरक्षित आहे का? आधी उपचार, कागद नंतर. 'आमच्याकडेच आणा' असा हट्ट नको, जवळच्या दवाखान्यात जाऊ द्या.

२. पीआयना लगेच फोन. मेसेज टाकून गप्प बसू नका. फोन कधी केला ती वेळ लिहा.

३. काय झालं, कधी सुरू झालं, शेवटचा डोस कधी घेतला, सोबत कोणती औषधं, भरती कुठे आणि किती वाजता.

४. ट्रायलची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टर सांगतील. तोवर स्वतःहून काही सांगू नका.

५. तिथल्या डॉक्टरला ट्रायलची आणि वर्ज्य औषधांची माहिती द्यायला हवी. औषध कोणतं आहे ते उघड करण्याची वेळ आली तर निर्णय पीआयंचा. पण कोड कसा उघडतात आणि रात्री कोणाला फोन लावायचा, हे तुम्हाला माहीत हवं.

६. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि बिलांच्या प्रती मिळवा. प्रतीवरचं नाव आणि पत्ता झाकून मगच पुढे पाठवा. ट्रायलमुळे झालेल्या इजेचा उपचार मोफत मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. हे त्याला तुमच्याकडून कळू द्या, नाहीतर तो मंगळसूत्र गहाण टाकून बिल भरून मोकळा होतो आणि आपल्याला पुढच्या भेटीला सांगतो.

आधीच ठरलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कॅज्युअल्टीत काढलेली एक रात्र, हे सीरियसमध्ये येतं का? प्रोटोकॉलप्रमाणे उत्तर बदलतं. तुम्ही फक्त कळवा.

टप्पा ९ : ड्यूटी सोपवताना

रात्रीच्या सिस्टरला ट्रायलचं काही ठाऊक नसतं आणि तिच्या हातात तीस पेशंट असतात. तिला प्रोटोकॉल समजावत बसू नका. ट्रायलचा पेशंट भरती असेल तर बेडच्या फाइलवर एकच पान लावा : ट्रायलमध्ये आहे, ही औषधं देऊ नका, पुढचं रक्त अमुक वाजता अमुक व्यक्तीच काढेल, काही झालं तर या नंबरला फोन. पान दाखवून तिच्याकडून वाचून घ्या. रात्री दोनला पेनकिलर मागणाऱ्या पेशंटला ती कपाटातली पहिली गोळी देणार आहे. ती गोळी वर्ज्य यादीत असेल तर त्या पानावर तिचं बाजारातलं नाव ठळक अक्षरात हवं, कारण रसायनाचं नाव रात्री दोनला कोणी वाचत नाही.